खाडीला बांध, पाण्याला दार

(माहीम येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निमंत्रणपत्रिकेवर 'नदीवरचे बांध आणि जलपाश' असा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की आता हे गृहस्थ आपल्याला मिसिसिपी, ऱ्हाईन, पनामा असं सगळं फिरवून आणणार. तसं करता आलं असतं. पण ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, ते भूगोल शिकवताना आधी शाळेमागचा ओढा दाखवायचे आणि मग गंगेकडे वळायचे, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. तीच वाट धरतो. या सभागृहातून निघून चालत गेलात तर चहा थंड व्हायच्या आत लागेल त्या पाण्यापासून सुरुवात करतो. माहीमच्या खाडीपासून.

बसने कॉजवेवरून जाताना आपण नाकाला रुमाल लावून जे ओलांडतो, ते एके काळी रहदारीचं पाणी होतं. जुन्या इंग्रजी नकाशांत त्याला चक्क 'माहीमची नदी' म्हटलंय. पश्चिमेला माहीम आणि वांद्रे यांच्यामधून समुद्राला उघडणारं, पूर्वेला शीव-कुर्ल्याच्या खारपाटातून ठाण्याच्या खाडीकडे जाणारं, साष्टी बेटाला मुंबईपासून तोडणारं हे पाणी. तोंडावर माहीमचा किल्ला. भरतीबरोबर आत यायचं आणि ओहोटीबरोबर बाहेर पडायचं, हे होड्यांचं वेळापत्रक.

आणि ही नुसती खाडी नव्हती, सरहद्द होती. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. म्हणजे वांद्र्याला मराठे आणि माहीमला इंग्रज, मधे एवढंसं पाणी. धारावीत घरांच्या गर्दीत काळा किल्ला अजून उभा आहे. त्याच्या भिंतीत बसवलेल्या दगडावर गव्हर्नर जॉन हॉर्नचं नाव आहे आणि साल आहे १७३७. साष्टी गेली तेच साल. इंग्रजांची धांदल त्या एका दगडावर वाचता येते. त्या किल्ल्याला आत जायला नेहमीसारखं दार नाही, शिडी लावून चढावं लागतं. भ्यालेल्या माणसाचं बांधकाम असंच असतं.

हे सांगण्याचं कारण असं, की जोवर ही खाडी सरहद्द होती तोवर ती इंग्रजांचा खंदक होती, आणि स्वतःच्या खंदकात कोणी भराव टाकत नाही. १७७४ च्या अखेरीस त्यांनी ठाणं आणि साष्टी घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहात ती त्यांच्याकडे कायम झाली. खंदकाची गरज संपली. पुढच्या पंचवीस वर्षांत या पाण्यावर बांध पडायला सुरुवात झाली, ती अजून थांबलेली नाही. गव्हर्नर जोनाथन डंकनने १७९८ मध्ये शीवचा कॉजवे हाती घेतला आणि १८०५ पर्यंत तो पुरा झाला. मुंबईचा माणूस पाय न भिजवता कुर्ल्याला जाऊ लागला. माहीमच्या खाडीचं पूर्वेचं दार मात्र तिथे आवळलं गेलं.

त्याच्या थोडं आधी दक्षिणेकडे दुसरा उद्योग झाला होता. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचं पाणी आत शिरायचं आणि पार भायखळ्यापर्यंतचा सखल भाग पाण्याखाली जायचा. विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना, १७८४ च्या सुमारास, तिथे बांध घातला गेला. तोच हॉर्नबी वेलार्ड. बांध उभा राहीना, तेव्हा रामजी शिवजी प्रभू यांना देवीचा दृष्टांत झाला, समुद्रातून मूर्ती वर काढल्या आणि मग बांध टिकला, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. बांधकामात दृष्टांत व्हायचे दिवस गेले, आता निविदा निघतात. बांध कधी टिकतो, कधी नाही, एवढं साम्य राहिलं आहे.

वेलार्डने समुद्र अडवला, पण पाऊस कसा अडवणार? आत साचलेलं पावसाचं पाणी बाहेर जायची वाटही त्याच बांधाने बुजवली. म्हणून मग वरळीला पाण्याचे दरवाजे बसवावे लागले. ओहोटीला उघडायचे, भरतीला लावायचे. भेंडीबाजार, कामाठीपुरा, भायखळा इथलं सांडपाणी आणि पावसाचं पाणी त्या दरवाज्यांच्या मर्जीवर. भरतीच्या वेळीच मुसळधार पाऊस आला की दरवाजे बंद आणि वस्ती पाण्यात. आज त्याच वरळीला, लव्हग्रोव्ह इथे, पालिकेचं प्रचंड पंपिंग स्टेशन आहे. हिंदमाता, परळ, लालबाग इथे ज्यांनी गुडघाभर पाण्यातून घर गाठलंय, त्यांना भरतीचं कोष्टक आणि पाऊस यांचं नातं मी वेगळं सांगायला नको. हे नातं सव्वादोनशे वर्षांहून जुनं आहे.

आता आपला कॉजवे. शीवला बांध झाला तरी वांद्र्याला जायला माहीमहून होडीच होती, आणि पावसाळ्यात ती होडी जिवावर बेतायची. सरकार खर्चाला तयार नव्हतं. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी लेडी आवाबाई यांनी पैसे दिले, दीड लाख रुपयांच्या वर. १८४५ मध्ये रस्ता खुला झाला. एका बाईच्या खासगी पैशातून या शहराचा एक मुख्य रस्ता झाला आणि आपण त्यांना 'लेडी जमशेटजी' म्हणून, म्हणजे नवऱ्याच्याच नावाने, बसच्या पाटीवर ठेवलं. असो. आवाबाईंच्या दातृत्वाबद्दल आदर ठेवूनच सांगतो, की रस्ता म्हणून कॉजवे उत्तम होता, खाडीच्या दृष्टीने मात्र तो गळ्याभोवतीचा पट्टा ठरला. मधे पुलाखालून पाणी जायला वाट, दोन्ही बाजूंना भराव. १८६० च्या दशकात बी. बी. सी. आय. रेल्वेचा पूल शेजारी आला. पुढे रस्त्यांचे, जलवाहिन्यांचे पूल. प्रत्येकाने आपापल्या खांबांपुरती जागा मागितली.

पश्चिमेचं तोंड असं आवळलं जात असतानाच खाडीच्या उगमाकडेही हात गेला. या खाडीला मिळणारी मिठी नदी विहार आणि पवईच्या बाजूने येते. १८५४ च्या सुमारास मुंबईत पाण्याचे असे हाल झाले की बाहेरून होड्यांतून आणि गाड्यांतून पाणी आणावं लागलं. हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याच्या योजनेने विहारचं खोरं अडवलं गेलं आणि १८६० पासून नळाने पाणी येऊ लागलं. मग १८७९ ला तुळशी आणि १८९१ च्या आसपास पवई. पवईचं पाणी प्यायच्या लायकीचं निघालं नाही, हा भाग वेगळा. पण एकूण गोष्ट अशी झाली: वर तीन धरणं, खाली दोन कॉजवे. डोकं बांधलेलं आणि गळा आवळलेला. पावसाळ्यात तलाव भरून वाहिले की सगळं पाणी एकदम मिठीत, आणि उरलेले आठ महिने मिठीत येतं ते फक्त आपलं सांडपाणी. नदीला नाला म्हणायची सवय आपल्याला इथून लागली.

मंडळी, जलपाश म्हणजे काय, हे अजून सांगितलं नाही. तो पाहायला पनामाला जायची गरज नाही, मुंबईत आहे. इंदिरा गोदीत, म्हणजे १९१४ साली सुरू झालेल्या जुन्या अलेक्झांड्रा डॉकमध्ये, शिरायच्या वाटेवर पाण्याची एक लांबलचक खोली आहे. सुमारे २२८ मीटर लांब, साडेतीस मीटर रुंद. तिला दोन टोकांना दरवाजे. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्यात पाच मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे दीड मजला. गोदीतलं पाणी मात्र कायम वरच्या पातळीवर हवं, नाहीतर जहाज तळाला टेकेल. म्हणून जहाज आधी या खोलीत घ्यायचं, मागचा दरवाजा लावायचा, आत पाणी सोडायचं. एवढं अवाढव्य धूड हलकेच वर उचललं जातं. आत-बाहेरची पातळी एक झाली की पुढचा दरवाजा उघडायचा. पातळी जुळल्याशिवाय तो उघडतच नाही, पाण्याचा दाबच त्याला मिटवून ठेवतो. त्याच्या आधीच्या प्रिन्स आणि व्हिक्टोरिया या गोद्यांना ही सोय नव्हती, तिथे भरतीची वाट बघावी लागे.

म्हणजे पाण्याला नीट दार करायची विद्या या शहराला ठाऊक होती. ती वापरली गेली जहाजासाठी, कारण जहाज गोदीचं भाडं भरतं. खाडीच्या पाण्याने भाडं भरलं असतं, तर त्यालाही चांगला दरवाजा मिळाला असता.

इथे मला मुंबईपासून फार लांब, महाराष्ट्राच्या पार पूर्व टोकाला जायचं आहे. कारण आपल्या गिरणगावाचा आणि जलपाशांचा एक संबंध आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. गोदावरीच्या मुखाजवळ धवळेश्वरमचा बंधारा बांधणारे सर आर्थर कॉटन हे रेल्वेपेक्षा पाण्याच्या वाटेवर श्रद्धा असलेले गृहस्थ. त्यांच्या मनात होतं, की समुद्रापासून गोदावरीतून वर यायचं, सिरोंच्याला प्राणहितेत वळायचं, तिथून वर्धा नदीत शिरायचं आणि हिंगणघाट-वऱ्हाडचा कापूस आगबोटींनी पूर्व किनाऱ्यावर उतरवायचा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि अहेरीच्या बाजूचं देवलमरी. खडकावरून बोट चढत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी बंधारा, बाजूने कालवा आणि कालव्यात जलपाश, अशी योजना. १८६० मध्ये त्यासाठी सिरोंचा हे मुख्य ठाणं धरून अपर गोदावरी नावाचा जिल्हा सुद्धा काढला. कॅप्टन हेग हे अभियंते कामावर होते. तिथे ग्लासफर्ड नावाचे अधिकारी होते, त्यांच्या नावाचं ग्लासफर्डपेठा हे गाव सिरोंचा तालुक्यात आजही आहे.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ला पेटलं, मँचेस्टरला कापूस मिळेना, आणि या योजनेला भलताच जोर आला. पण जंगलातला ताप, मजुरांची वानवा आणि पावसाळा संपला की वाळू उघडी टाकणारी नदी. तिकडे जी. आय. पी. रेल्वे बोर घाट १८६३ मध्ये चढली, थळ घाट १८६५ मध्ये, आणि १८६७ ला गाडी नागपूरला पोचली. संपलं. सुमारे सात लाख पौंड नदीत घालून झाल्यावर ऑक्टोबर १८७१ मध्ये काम कायमचं बंद करण्यात आलं. जो कापूस प्राणहितेतून काकीनाड्याकडे उतरायचा, तो बोरीबंदरला आला. परळ-लालबागच्या चिमण्या त्यावर धुरावल्या. जलपाश फसले म्हणून मुंबई तगली असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, पण ते यशस्वी झाले असते तर वऱ्हाडच्या कापसाचा मोठा वाटा तरी पूर्वेला गेला असता.

त्या अर्धवट बांधकामांकडे बघून इंग्रजांना हसायचं कारण नाही. सिरोंच्याच्या समोर, मेडिगड्ड्याला, तेलंगणाने कालेश्वरम योजनेचा पंच्याऐंशी दरवाज्यांचा बॅरेज बांधला, जून २०१९ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले. फुगवट्याने जमिनी गेल्याची सिरोंचा तालुक्यातल्या शेतकऱ्यांची तक्रार त्याआधीपासूनची आहे. आणि २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात वैनगंगा-प्राणहिता पुन्हा जलमार्ग म्हणून नोंदलेली आहे! कॉटनसाहेब असते तर खूश झाले असते.

आता घरी येऊ. बांध घातला की दार ठेवायचं, ही अक्कल आपल्याकडे साहेबाने आणलेली नाही. कोकणातल्या खारभूमीत जा. खाडीच्या पाण्यापासून भातशेती राखायला मातीचा बांध, आणि बांधात ठिकठिकाणी उघाडी. दगडी चौकट, तिला खाडीच्या अंगाने वरून टांगलेली लाकडी झडप. भरती चढली की खाडीचं पाणी झडप आपोआप चौकटीवर दाबतं, खारं पाणी बाहेर राहतं. ओहोटी लागली की शेतातलं पाणी आतून तीच झडप ढकलून बाहेर पडतं. ना वीज, ना ऑपरेटर. गोव्यात खाजन जमिनींवर हेच 'मानस' या नावाने चालतं आणि त्याच्या तोंडाशी मासे धरायच्या हक्काचा लिलाव होतो. पण झडप आपोआप चालली तरी ती राखणारा माणूस ठरलेला असे. ठाणे-कुलाबा भागात शिलोत्री पद्धत होती. शिलोत्रीदाराने बाहेरचा बांध दुरुस्त ठेवायचा आणि त्याबद्दल शेतकऱ्यांकडून ठरलेलं धान्य घ्यायचं. झडप कुजली, खेकड्यांनी बांध पोखरला, तर कोणाच्या दारात जाऊन ओरडायचं, हे गावातल्या पोरालाही माहीत असायचं.

मिठीच्या बाबतीत कोणाच्या दारात जायचं? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला ७३. मिठीचं पाणलोट क्षेत्र सत्तर चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. सगळीकडे सांताक्रूझइतकाच पाऊस धरला, तर त्या दिवसाचं पाणी सहा कोटी साठ लाख घनमीटर होतं. भरलेल्या विहार तलावात पावणेतीन कोटी मावतं. म्हणजे दोन विहार भरून तिसऱ्याचा जवळपास अर्धा, एवढं पाणी एका दिवसात या खाडीच्या तोंडातून जायला हवं होतं, आणि दुपारी भरती. मधल्या काळात विमानतळाच्या धावपट्टीखाली नदीला कोपरात वाकवलेलं, वांद्रे-कुर्ला संकुलासाठी १९७० च्या दशकापासून खारफुटीवर भराव घातलेला, वांद्रे रेक्लेमेशनने खाडीचं तोंड एका बाजूने पुढे आणलेलं. माधवराव चितळे यांच्या समितीने या सगळ्याची चिकित्सा केली. मिठीसाठी प्राधिकरण स्थापन झालं. रुंदीकरण, खोलीकरण, संरक्षक भिंती. गाळ काढल्याच्या बिलांवरून २०२५ मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. आजही मोठ्या पावसात कुर्ल्याच्या क्रांतीनगरची माणसं हलवावी लागतात.

आता नवी योजना आहे ती दरवाज्यांची. मिठीत येणाऱ्या नाल्यांच्या तोंडांवर झडपा आणि पंप. कल्पना चुकीची नाही. मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांची १८६ मुखं समुद्राला आणि खाड्यांना मिळतात, त्यातली ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत, १३५ भरतीच्या पातळीखाली, आणि भरतीच्या वर फक्त सहा. दार हवंच. पण लंडनच्या थेम्स बॅरिअरचं उदाहरण कोणी दिलं, तर जरा थांबा म्हणावं. थेम्सवरचे दरवाजे समुद्रातून चढून येणारं उधाण अडवण्यासाठी आहेत. काही तास ते लावले तरी नदीचं पाणी मागच्या लांबलचक पात्रात मावतं. आपल्याकडे भरती खालून आणि पाऊस वरून, दोन्ही एकाच वेळी. दरवाजा लावला की शहर बादली होतं. मग पंप. पंप चालले तर ठीक. आणि पंपाने उपसलेलं पाणी टाकायचं कुठे? त्याच मिठीत, ती तर आधीच काठोकाठ भरलेली.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की आधी जागा आणि मग दार. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी चार-पाच तास थांबेल अशी जागा पूर्वी खारपाटाने आणि तिवरांनी फुकट दिली होती. १९९४ पासून धारावीच्या काठावर, जुन्या कचराभूमीवर वाढवलेलं निसर्ग उद्यान आहे. त्याच्या पलीकडच्या चिखलात आणि तिवरांत भरतीचं पाणी कसं पसरतं ते एकदा उभं राहून पाहा. उरलेल्या खारपाटाचा प्रत्येक एकर हा एक पंप आहे, तोही डिझेल न पिणारा. तो भरून वर इमारत उठवायची आणि तिच्या तळघरातलं पाणी काढायला करदात्याने पंप विकत घ्यायचा, हा व्यवहार गेली पन्नास वर्षं आपण मुकाट्याने चालू दिला आहे. माहीम कोळीवाड्यातल्या वयस्कर माणसांना विचारा, खाडीत काय मिळायचं आणि आता काय मिळतं. अभियंत्यांच्या अहवालाइतकीच ती साक्षही वाचली पाहिजे.

ज्यांना हे व्याख्यान उपयोगी पडावं असं वाटतं, त्यांना एक विनंती. दरवाज्यांची कामं आपल्या दारात येतील, तेव्हा जी उत्तर विभागाच्या कार्यालयात जाऊन नकाशा मागा आणि विचारा, की पाऊस आणि भरती एकत्र आली तर दरवाजा लावायचा की उघडा ठेवायचा हे कोण ठरवणार, त्या माणसाचं पद काय, आणि दरवाजा लावल्यावर मागचं पाणी कुठे थांबणार. उत्तर लेखी घ्या. गोदीच्या जलपाशाला असे नियम पहिल्या दिवसापासून होते, आणि खारभूमीतल्या उघाडीलाही होते. माहीमच्या खाडीला ते पावसाळ्यापूर्वी मिळायला हवेत.